क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर: मोठे हाय-फायवाले आता का वळले?

मंद्रसप्तक | शनिवार, रात्री १०:४२

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आहे.

माझ्याकडे क्लास एबीचा, म्हणजे रूढ पद्धतीचा, जुना इंटिग्रेटेड (सगळं एकाच खोक्यात असलेला) अ‍ॅम्प आहे. भलामोठा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, उचलताना कंबर आठवते, आवाजाबद्दल तक्रार नाही. पण आता व्हॉल्यूम फिरवला की खरखर होते आणि आउटपुटचा रिले (स्पीकर जोडणारा स्विच) अधूनमधून डावा चॅनल गिळतो. म्हणून नवीन काय आहे ते बघायला लागलो, तर चित्रच पालटलेलं.

मला हा नाद लागला तेव्हा क्लास डी (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणारा प्रकार) म्हणजे सबवूफर, गाडीतला अ‍ॅम्प, फार तर स्टेजवरचे कर्णे. ‘हाय-फायमध्ये त्याचं काम नाही’ हे ब्रह्मवाक्य होतं. आणि आता? टेक्निक्सने २०१४ मध्ये पुनरागमन जाहीर केलं तेच गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर असलेला एसई-आर१ घेऊन. मरांट्झने पीएम-१० या आपल्या त्या वेळच्या सगळ्यात वरच्या इंटिग्रेटेडमध्ये हायपेक्स कंपनीची एनकोअर ही तयार मोड्यूल बसवली. एनएडीने २०२० मध्ये एम३३ आणि सी २९८ साठी प्युरिफाय कंपनीचं आयगेनटाक्ट हे क्लास डी तंत्र घेतलं. केंब्रिज ऑडिओच्या इव्हो १५० मध्येही हायपेक्सच. ही काही हलकीफुलकी खोकी नव्हेत.

प्रश्न सरळ आहे. हे सगळे आवाजासाठी वळले की वजन, तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम वाचवण्यासाठी? आणि जे स्वतः वळलेत त्यांनी कृपया सांगा, घेताना काय बघावं? माझे स्पीकर ४ ओहमचे बुकशेल्फ, सोबत एक सबवूफर. ऐकणं बहुतेक रात्री, हळू आवाजात.

वूफर | शनिवार, रात्री ११:०५

वा, चांगला विषय. वाखुसा (वाचनखूण साठवली). सबवूफरमध्ये क्लास डी कित्येक वर्षं वापरतोय, तिथे वादच नाही. वरच्या पट्टीबद्दल जाणकार सांगतीलच.

सोल्डरगन | रविवार, सकाळी ७:५०

आधी एक गैरसमज बाजूला करू. क्लास डी म्हणजे डिजिटल नव्हे. येणारा सिग्नल कंपॅरेटरमध्ये (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या सर्किटमध्ये) जातो, तिथे त्याची गाठ खूप वरच्या फ्रीक्वेन्सीच्या त्रिकोणी लहरीशी पडते आणि बाहेर पडतात पल्स. सगळ्यांची उंची सारखी, रुंदी मात्र सिग्नलप्रमाणे कमी-जास्त. ती रुंदी सलग बदलते, पायऱ्या-पायऱ्यांनी नाही, म्हणजे मामला अ‍ॅनालॉगच. (आजची बरीच चांगली मोड्यूल त्रिकोणी लहरही वापरत नाहीत. फीडबॅकची (आउटपुट परत आत आणून चूक सुधारण्याची) रचनाच अशी असते की सर्किट स्वतःहून दोलायमान राहतं.) हे पल्स आउटपुटच्या मॉस्फेटना (एक प्रकारच्या ट्रान्झिस्टरना) सेकंदाला चार-पाच लाख वेळा चालू-बंद करतात. शेवटी एक कॉइल आणि एक कपॅसिटर वरची सगळी वळवळ गाळतात आणि स्पीकरला उरतं ते संगीत.

फायदा उष्णतेत. ट्रान्झिस्टर पूर्ण चालू असताना त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ नसतं, पूर्ण बंद असताना करंट नसतो, त्यामुळे दोन्ही वेळा तो फारसा तापत नाही. एबीचा ट्रान्झिस्टर कायम अधल्यामधल्या अवस्थेत असतो, म्हणून हीटसिंक. क्लास एची कार्यक्षमता सिद्धांतानेच ५० टक्क्यांपुढे जात नाही, क्लास बीची ७८.५ टक्क्यांपुढे नाही, आणि एबी या दोघांच्या मधला. क्लास डी प्रत्यक्षात ९० टक्क्यांपर्यंत जातो. आणि हे आकडे पूर्ण पॉवरचे आहेत. संगीत सरासरीने त्याच्या कितीतरी खाली चालतं, तिथे एबीची अवस्था आणखी वाईट असते.

म्हणजे तांबं-अ‍ॅल्युमिनियम वाचतं हे खरंच आहे. पण ते साठ वर्षांपूर्वीही वाचत होतं. मग सगळे आत्ताच का वळले, हा खरा प्रश्न. त्यावर संध्याकाळी लिहितो.

पीसीएम | रविवार, सकाळी ९:१५

सोल्डरगन, एक भर घालतो. सगळेच क्लास डी अ‍ॅनालॉग नसतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेला टॅक्टचा मिलेनियम किंवा एनएडीचा २००९चा एम२ हे डिजिटल सिग्नलमधून थेट पल्स घडवत, मध्ये वेगळा डॅक (डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा भाग) नाही. टेक्निक्सचाही रस्ता तोच. पण बाजारातले बहुसंख्य तुम्ही म्हणता तसे, हे मान्य.

जुनं_खोकं | रविवार, सकाळी ११:३०

मी विरोधी बाकावर बसतो.

२००५च्या आसपास एका नावाजलेल्या कंपनीचा क्लास डी पॉवर अ‍ॅम्प हौसेने घेतला होता. बास घट्ट, एकदम पकडीत. पण झांजेचा आवाज नुसता ‘च्स’ असा यायचा, पितळेचा गुणगुणाट गायब. तानपुऱ्याची जवारी कागदावर काढल्यासारखी सपाट. वर्षभर स्वतःला समजावलं की कान सरावतील. नाही सरावले. विकून ‘क्लास ए’कडे गेलो आणि तिथेच आहे. खोली तापते, तापू दे.

केईएफचे एलएस५० वायरलेस बघा. वूफरला क्लास डी, ट्वीटरला एबी. खुद्द बनवणाऱ्यालाच वरच्या पट्टीसाठी क्लास डी नको होता, यातच आलं की सगळं.

रात्रपाळी | रविवार, दुपारी १:०२

थंडीत क्लास ए, उन्हाळ्यात क्लास डी. भांडण मिटलं :)

सोल्डरगन | रविवार, संध्याकाळी ६:४०

जुनं_खोकं, तुम्ही ऐकलंत ते खरंच होतं असं मला वाटतं आणि त्याला कारणही आहे.

त्या काळातल्या पुष्कळ क्लास डी अ‍ॅम्पमध्ये फीडबॅक घेतला जायचा तो शेवटच्या फिल्टरच्या आधी. फिल्टरमधली कॉइल आणि कपॅसिटर फीडबॅकच्या कक्षेबाहेर. असा फिल्टर एका ठरावीक ओहमचा स्पीकर गृहीत धरून बनवावा लागतो. समजा तो ६ ओहमसाठी बनवला. आता ८ ओहमचा स्पीकर लावला तर ऐकण्याच्या पट्टीच्या वरच्या टोकाला फुगवटा येतो, ४ ओहमचा लावला तर तिथेच उतार लागतो. त्यातून खऱ्या स्पीकरचा इम्पीडन्स (ओहममध्ये मोजतात तो विरोध) प्रत्येक फ्रीक्वेन्सीला वेगळा. म्हणून एकाच अ‍ॅम्पबद्दल एक म्हणायचा ‘टोचतो’, दुसरा म्हणायचा ‘मंद आहे’, आणि दोघंही खरं बोलत असायचे!

दुसरी अडचण डेड टाइमची. वरचा आणि खालचा ट्रान्झिस्टर क्षणभर जरी एकदम चालू झाले तरी पॉवर सप्लाय शॉर्ट. म्हणून एक बंद झाल्यावर दुसरा चालू व्हायच्या आधी अगदी बारीक फट ठेवतात. त्या फटीतून विकृती (डिस्टॉर्शन) शिरते. फट मोठी ठेवली तर आवाज बिघडतो, लहान ठेवली तर ट्रान्झिस्टर जातो. गॅलियम नायट्राइडचं कौतुक याचसाठी. ते इतक्या चपळाईने बंद होतात की फट खूपच लहान ठेवता येते.

कलाटणी मिळाली ती फिल्टरच्या नंतरून फीडबॅक घेणाऱ्या डिझाइनमुळे. ब्रुनो पुत्झेस फिलिप्समध्ये असताना त्यांनी यूसीडी हे सर्किट केलं, मग हायपेक्समध्ये जाऊन एनकोअर, आणि पुढे लार्स रिस्बो यांच्यासोबत प्युरिफायचं आयगेनटाक्ट. यात फिल्टर फीडबॅकच्या कक्षेत असतो. स्पीकर ४ ओहमचा असो की ८, वरची पट्टी हलत नाही. शिवाय २० किलोहर्ट्झपर्यंत फीडबॅक इतका भरपूर आहे की विकृतीच्या मोजमापात आज ही मोड्यूल भल्याभल्या एबीच्या पुढे आहेत.

मोठे ब्रँड वळले ते यानंतर. बचत आधीही होती, आवाजाचं कारण आता मिळालं.

आणि केईएफबद्दल: पुत्झेस ज्या कंपनीचे सहसंस्थापक, त्या ‘की ऑडिओ’च्या (Kii) ‘की थ्री’ स्पीकरमध्ये सहाच्या सहा चॅनलना क्लास डी आहे, ट्वीटरसुद्धा त्यातच. एका कंपनीच्या निवडीवरून निकाल लावायचा तर दुसरीची निवडही धरावी लागेल.

जुनं_खोकं | रविवार, संध्याकाळी ७:२५

फिल्टरचा मुद्दा पटला. माझे स्पीकर तेव्हा ८ ओहमचे होते आणि ट्वीटरच्या पट्टीत त्यांचा इम्पीडन्स आणखी चढायचा, म्हणजे तुम्ही सांगता तोच फुगवटा. पण ‘मोजमापात पुढे’ म्हणजे ‘ऐकायला पुढे’ हे मी मान्य करणार नाही. मोजमाप एका सुराचं होतं, गाणं एका सुराचं नसतं.

पीसीएम | रविवार, रात्री ८:१०

एका सुराचंच मोजमाप होतं असं नाही. दोन सूर एकदम देऊन त्यांच्यातून उपजणारे तिसरे-चौथे सूर मोजतात, बत्तीस सुरांची चाचणीही करतात. पण एक सावधगिरी आहेच: क्लास डी मोजताना उपकरणापुढे स्विचिंगचा कचरा अडवणारा फिल्टर लावावा लागतो. काही जण तो असा लावतात की २० किलोहर्ट्झच्या वरचं काहीच दिसत नाही. मग १० किलोहर्ट्झच्या सुराची तिसरी हार्मोनिक, म्हणजे तिपटीतला ३० किलोहर्ट्झचा सूर, मोजणीतून आपोआप सुटते आणि आकडा गोंडस दिसतो. म्हणून आकडा बघताना मोजणीची बँडविड्थ (किती फ्रीक्वेन्सीपर्यंत मोजलं) किती होती तेही बघायचं.

तारायंत्र | रविवार, रात्री ९:३०

थोडं अवांतर, पण सोल्डरगन यांनी ‘साठ वर्षांपूर्वी’ म्हटलं म्हणून.

कल्पना १९५०च्या दशकातली, अ‍ॅलेक रीव्ह्ज यांच्या नावावर नोंदली जाते. बाजारात पहिल्यांदा आणलं क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी, १९६४ मध्ये, एक्स-१० नावाचं जोडणीचं किट. नावात १०, बाहेर पडायचे जेमतेम अडीच वॉट. पुढे एक्स-२० आला, पण तेव्हाच्या ट्रान्झिस्टरना हा वेग झेपत नव्हता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सोनीने टीए-एन८८ काढला, तोही काळाच्या पुढेच ठरला. खरी वाट मोकळी झाली ती पॉवर मॉस्फेट परिपक्व झाल्यावर. बँग अँड ओलुफसनने १९९९ मध्ये आइसपॉवर ही कंपनी उभी केली आणि जेफ रोलँडसारख्या निर्मात्यांनी तिची मोड्यूल उचलली.

आणि ट्रायपाथ या चिप बनवणाऱ्या कंपनीला विसरून चालणार नाही. त्यांच्या टीए२०२० या इवल्याशा चिपने घरी सोल्डरिंग करणाऱ्या हजारो लोकांना पहिल्यांदा चांगला क्लास डी ऐकवला. आयईईई स्पेक्ट्रमने २००९ मध्ये जग बदलणाऱ्या २५ चिपच्या यादीत तिला बसवलं. पण कंपनी तोवर, २००७ मध्येच, दिवाळखोरीत गेली होती. मला याची फार हळहळ वाटते.

वूफर | रविवार, रात्री ९:४४

ट्रायपाथ! ते तळहाताएवढं बोर्ड अजून माझ्या टेबलावर वाजतंय.

निशिगंध | सोमवार, सकाळी १०:२०

मी गेली काही वर्षं क्लास डी इंटिग्रेटेड वापरते. आवाजावर खूश आहे, त्याबद्दल वरच्या लोकांनी पुरेसं लिहिलंय. मी दुसरीच तक्रार मांडते, कारण मंद्रसप्तक रात्री हळू आवाजात ऐकतात.

ऑटो स्टँडबाय! माझा अ‍ॅम्प हळू आवाजात सिग्नल ‘नाही’ असं समजतो आणि विलंबित आलाप ऐन रंगात आला की टक्क करून झोपतो. युरोपच्या नियमानुसार २०१३ पासून अशा उपकरणांचा स्टँडबायमधला वापर अर्ध्या वॉटच्या आत ठेवावा लागतो आणि वापर नसेल तेव्हा त्यांनी आपणहून झोपावंही लागतं. वीज वाचावी हे मलाही हवंच आहे. पण सिग्नल ओळखायची पातळी कंपनीने कुठे ठेवली आहे आणि मेन्यूतून हे बंद करता येतं का, हे घेण्याआधी विचारा. मला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

कोल्डजॉइंट | सोमवार, दुपारी ३:०५

मी दुरुस्तीच्या बाजूचा माणूस आहे, तेव्हा कडू बोलणार.

एबीचा आउटपुट ट्रान्झिस्टर गेला तर मी पर्यायी जोडी शोधतो, बायस (ट्रान्झिस्टरचा स्थिर करंट) लावतो, अ‍ॅम्प आणखी पंधरा-वीस वर्षं चालतो. मंद्रसप्तक, तुमचा रिले आणि पॉट (खरखरणारा व्हॉल्यूम) तर किरकोळ काम आहे, त्यासाठी अ‍ॅम्प काढू नका. क्लास डीमध्ये मॉस्फेट, ड्रायव्हर, स्विचिंग सप्लाय सगळं एका दाटीच्या बोर्डावर. एक मॉस्फेट गेला की बहुधा ड्रायव्हरलाही घेऊन जातो. सर्किटचा नकाशा कंपनी देत नाही, ‘मोड्यूल बदला’ म्हणते. मध्यंतरी एक अ‍ॅम्प आला होता, मालकाने जिवापाड जपलेला. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं की ते मोड्यूल आता बनत नाही आणि नवीन त्या चौकटीत बसत नाही. संपला विषय. बाहेरचं खोकं आरशासारखं चकचकीत आणि आत दुरुस्त न होणारा एक बोर्ड. ज्या गोष्टीला हाय-फाय म्हणून आपण आयुष्यभराची समजतो, तिच्याबाबत हे मला अजिबात पटत नाही.

सोल्डरगन | सोमवार, संध्याकाळी ६:१५

१०० टक्के सहमत. हा क्लास डीचा नव्हे, मोड्यूल विकत घेऊन खोक्यात बसवण्याच्या पद्धतीचा दोष आहे, पण ग्राहकाला भोगावा तोच लागतो.

मंद्रसप्तक | सोमवार, रात्री ९:००

सगळ्यांचे आभार, खूप शिकायला मिळतंय. उपप्रश्न: दहा कंपन्या जर एकच मोड्यूल घेत असतील तर त्यांच्यात फरक उरतो कुठे? मग ब्रँडचं नाव कशासाठी बघायचं?

पीसीएम | सोमवार, रात्री ९:५०

फरक मोड्यूलच्या पुढे आणि मागे. या मोड्यूलना आधी एक बफर लागतो, तो ज्याचा त्याचा. व्हॉल्यूम कंट्रोल, प्रीअ‍ॅम्प, फोनो, डॅक, जमिनीची (ग्राउंडची) जोडणी, संरक्षण सर्किट, पॉवर सप्लाय, हे सगळं कंपनीचं स्वतःचं. एम३३ मध्ये खोलीच्या ध्वनीची दुरुस्ती आहे. माझ्या मते त्याचा कानाला जाणवणारा परिणाम अ‍ॅम्पच्या क्लासपेक्षा कैक पटीने मोठा असतो. आणि काही जण मोड्यूल घेतच नाहीत. देव्हियालेने २०१० मध्ये डी-प्रीमियर आणला त्यात क्लास ए व्होल्टेज ठरवतो आणि क्लास डी करंटचा भार उचलतो.

पण हेही खरं की एकदा पॉवर स्टेज सगळ्यांची सारखीच चांगली झाली की ‘आमचा खास आवाज’ ही जाहिरात पोकळ होत जाते. ज्यांची ओळखच त्या आवाजावर उभी आहे ते अजून एबीला धरून आहेत, याचं मला नवल वाटत नाही.

लाऊडनेस | मंगळवार, सकाळी ८:३०

छोट्या डेस्कटॉप क्लास डी अ‍ॅम्पबद्दल कोणीच बोललं नाही. टीपीए३२५५ चिपवाला, ‘३०० वॉट अधिक ३०० वॉट’. तळहातावर मावतो. घ्यावा का?

सोल्डरगन | मंगळवार, सकाळी ९:४५

चिप उत्तम आहे. आकडा तपासून घ्या.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या माहितीपत्रकात दोन चॅनलना प्रत्येकी ३१५ वॉट लिहिलंय, ते ४ ओहमला आणि १० टक्के विकृती धरून. १० टक्के म्हणजे आवाज फाटलेला. आता सोबत येणारा अ‍ॅडाप्टर उलटा करून वाचा. समजा त्यावर ४८ व्होल्ट, ५ अँपिअर लिहिलंय. गुणाकार २४० वॉट. भिंतीतून येणाराच सप्लाय सलग २४० देतोय तर स्पीकरला सलग ६०० कुठून मिळणार? संगीतातले झटके कपॅसिटर सांभाळतात म्हणून रोजच्या ऐकण्यात अडत नाही, पण खोक्यावरचा आकडा कागदावरच राहतो. तोच अ‍ॅम्प ‘१०० वॉट’ म्हणून विकला असता तर मी मनापासून शिफारस केली असती.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी १०:०१

एक्स-१० ची परंपरा जपली म्हणायची :)

षड्ज_पंचम | मंगळवार, रात्री १०:३०

मित्राचा प्युरिफायवाला अ‍ॅम्प घरी आणून माझ्या एबीशी गाठ घातली. पद्धत सांगतो, कारण तिच्याविना अशा तुलनेला अर्थ नाही. स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टमीटर लावून, टेस्ट टोन सोडून दोन्ही अ‍ॅम्पची पातळी जुळवली. जो मोठ्याने वाजतो तो कानाला चांगला वाटतो, हा धोका आधी संपवायला हवा. अदलाबदल कोणता चालू आहे हे मला न सांगता बायकोने केली.

मध्यम आवाजात मला ठामपणे वेगळा ओळखता आला नाही. पियानोचा विरत जाणारा सूर, झांज, एकट्या गळ्याचं गाणं, सगळं ऐकलं. आवाज वाढवून मोठा वाद्यवृंद लावल्यावर मात्र फरक पडला: माझा एबी तारसप्तकातल्या व्हायोलिनवर कडक व्हायला लागला, क्लास डी तसाच निवांत. माझे स्पीकर अवघड आहेत, ३ ओहमपर्यंत उतरतात.

आणि शांततेतला फरक: ट्वीटरला कान लावला तर माझ्या एबीची बारीक घरघर ऐकू येते. मित्राच्या क्लास डीमध्ये काहीच नाही.

जुनं_खोकं | मंगळवार, रात्री ११:१०

पद्धत नेकीची आहे, मानलं. तरी अशा झटपट अदलाबदलीत कान परीक्षा देत असतो, गाणं ऐकत नसतो. महिनाभर घरी ठेवून मग ठरवावं असं माझं मत. कोणी मला महिनाभर प्युरिफाय देत असेल तर मी इथे येऊन जे वाटेल ते लिहीन, अगदी बाजूने वाटलं तरी.

षड्ज_पंचम | मंगळवार, रात्री ११:१८

मित्राला विचारतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मंद्रसप्तक | बुधवार, रात्री ९:२०

माझं ठरत आलंय. जुन्याचा रिले आणि पॉट आधी बदलून घेतो, कोल्डजॉइंट यांचं ऐकून. नवीन घेईन तो फिल्टरनंतर फीडबॅक असलेलाच, कारण माझे स्पीकर ४ ओहमचे. ऑटो स्टँडबाय बंद होतो का ते दुकानातच हळू आवाजात लावून बघणार. मोड्यूल किती वर्षं मिळेल हे लेखी विचारणार.

सबवूफर मी स्पीकर टर्मिनलवरून जोडतो, हाय-लेव्हल इनपुटने. क्लास डीला तसंच चालेल ना?

कोल्डजॉइंट | बुधवार, रात्री ९:४१

थांबा! बरेच क्लास डी ब्रिज पद्धतीचे असतात. त्यात स्पीकरचं काळं टर्मिनल जमीन नसतं, तिथेही सिग्नल असतो. सबची काळी वायर तिथे जोडली आणि सबची जमीन दुसऱ्या केबलमधून अ‍ॅम्पच्या जमिनीला भिडली, तर आउटपुट शॉर्ट. ऑसिलोस्कोपची क्लिप तिथे लावून अ‍ॅम्प घालवलेले लोक माझ्याकडे येतात. अशा वेळी काळी वायर सहसा अ‍ॅम्पच्या चॅसिसला जोडतात, पण सबच्या पुस्तिकेत क्लास डीसाठी वेगळी आकृती असते, तीच पाळा. नवीन अ‍ॅम्पला सब-आउट किंवा प्री-आउट असेल तर सरळ तिथून घ्या.

मंद्रसप्तक | बुधवार, रात्री ९:५५

घ्यायच्या माझ्या यादीत दोन आहेत, दोन्हींना सब-आउट आहे. तिथूनच घेतो.